खुर्द्याचा हिशेब



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'जुनी बारीक नाणी' असे सांगितले. त्यावर पलीकडून क्षणभर काही उत्तरच आले नाही. कामगार संघटनेचा माणूस म्हणजे किमान वेतन, बोनस, कंत्राटी कामगार असे काहीतरी बोलणार, अशी त्यांची समजूत असावी. आणि ती चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. आम्ही नाण्यांचे शास्त्रज्ञ नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते करवीर नगर वाचन मंदिरातल्या पुस्तकांवर आणि लोकांच्या पगारपत्रकांवर. पण पगारपत्रके तपासून तपासून माणसाला एक खोड लागते. वरच्या मोठ्या आकड्यावर सगळ्यांचेच डोळे असतात, म्हणून तो आधी शेवटच्या रकान्यातले पैसे पाहतो. घोटाळा असला तर तो बहुधा तिथे सापडतो. तीच खोड घेऊन आम्ही जुन्या नाण्यांकडे वळलो, आणि आज कळंब्याला ती तुमच्यापुढे मांडणार आहोत.

आपल्यापैकी बहुतेकांनी टाऊन हॉलमधले वस्तुसंग्रहालय पाहिले असेल, निदान शाळेच्या सहलीत तरी. ब्रह्मपुरीत सापडलेली काशाची पोसायडनची छोटी मूर्ती कोल्हापूरकरांना चांगली ठाऊक आहे. ग्रीकांचा हा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, ह्याचे सर्वांनाच नवल वाटते, आणि वाटावे अशीच ती गोष्ट आहे. ब्रह्मपुरीचे टेकाड नदीकाठी आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस प्रा. कुंदनगार यांना रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू मिळाल्या. पुढे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ साली छापून निघाला. सातवाहनांच्या काळातली विटांची घरे, भांडी, मणी असे एक नांदते गावच त्यांना मातीखाली मिळाले.

मूर्ती एक सापडते आणि तिची कीर्ती होते. परंतु ह्या मातीतून शिशाची आणि पोटीनची नाणीही निघाली, त्यांकडे कोण पाहतो? पोटीन म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांचा हलका मिश्रधातू. ही नाणी काळपट, बोथट, कडा झिजलेल्या अशी आहेत. आमच्या फौंड्रीतल्या एखाद्या मोल्डरच्या हातावर ठेवली तर तो ती भंगारच्या डब्यात टाकील. पण पोसायडन हा एका धनिकाच्या घरातला पाहुणा. बाजारहाट चालली ती ह्या काळपट तुकड्यांवर.

ह्या नाण्यांवर काय आहे ते सांगतो. एका बाजूला कमानींची रास रचून केलेला डोंगर, त्याला चैत्य म्हणतात, आणि त्यावर झाड. दुसऱ्या बाजूला ताणलेले धनुष्य आणि त्याला लावलेला बाण. भोवती ब्राह्मी अक्षरांत राजाचे नाव. नावे तीन आहेत: वासिष्ठीपुत्र विळिवायकूर, माढरीपुत्र सिवलकूर आणि गोतमीपुत्र विळिवायकूर. तिघेही आपल्या आईच्या गोत्रनावाने ओळखले जातात, हे इथे बसलेल्या भगिनींनी लक्षात ठेवावे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही माणसे. तिकडे अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने दुसऱ्या शतकात बलेओकूर नावाच्या राजाचे आणि त्याच्या हिप्पोकूरा ह्या राजधानीचे नाव टिपून ठेवले आहे. हिप्पोकूरा नेमके कोणते ह्यावर विद्वान अजून भांडतात, पण बलेओकूर म्हणजे आपला विळिवायकूर हे बहुतेकांस मान्य आहे.

आता हे तीन राजे कोणत्या क्रमाने झाले? शिलालेख नाही, वंशावळ नाही. हा उलगडा केला तो ह्या क्षुद्र नाण्यांनीच. कोल्हापुरास १८७७ च्या सुमारास अशी बरीच नाणी मिळाली आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती बारकाईने तपासली. त्यांपैकी काहींवर दोन-दोन नावांची अक्षरे एकमेकांत मिसळलेली होती. नवा राजा आला की जुनी नाणी वितळवण्याचा खर्च कोण करणार? तेच जुने नाणे ऐरणीवर ठेवायचे, नवा ठसा वर धरायचा आणि घण घालायचा. शिसे मऊ असते, ठसा चटकन उमटतो. पण घाईघाईत मारलेला घण जुने नाव पुरते पुसत नाही. सिवलकूराचा ठसा वासिष्ठीपुत्राच्या नाण्यावर मारलेला सापडला आणि गोतमीपुत्राचा त्या दोघांच्याही नाण्यांवर सापडला. म्हणजे पहिला वासिष्ठीपुत्र, दुसरा सिवलकूर, तिसरा गोतमीपुत्र. टाकसाळीतल्या कोणा कामगाराने नीट काम केले असते, तर आज आम्हांला हा क्रम लागला नसता! कामगाराच्या हलगर्जीपणाचे आम्ही एवढे एकदाच समर्थन करतो.

आता आमच्या धंद्यातला प्रश्न. हे शिसे आले कुठून? पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचे एक वर्णन लिहिले आहे, त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. भडोच बंदरी परदेशातून काय उतरते ह्याची यादी त्यात आहे: मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे. रोमचा प्लिनी तर सांगतो की हिंदुस्थानात तांबे-शिसे नाही, तिथले लोक रत्ने आणि मोती देऊन ते घेतात. प्लिनीचे सगळेच खरे मानू नये. तांबे आपल्याकडे होते. पण शिसे जहाजातून येत होते हे त्या बंदराच्या यादीवरून दिसते. तेव्हा ब्रह्मपुरीच्या बाजारात भाजीवाल्या बाईने कनवटीला लावलेल्या तुकड्यातही समुद्रापलीकडचा माल असणे शक्य आहे.

त्याच यादीत पुढे एक ओळ आहे आणि ती आम्ही वाचन मंदिरात वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो. भडोचेस रोमचे सोन्याचे आणि चांदीचे नाणे येते, आणि तिथल्या चलनाशी त्याची अदलाबदल केली असता नफा होतो, असे तो व्यापारी लिहितो. माल विकून होणारा नफा वेगळा. हा नुसत्या अदलाबदलीतला नफा आहे. नाण्याच्या बदल्यात नाणे द्यायचे, घाम कोणी गाळायचा नाही, आणि मध्ये काही उरते. हे जे उरते ते कुणाच्या तरी हातातून गेलेले असते. आपल्या भाषेत त्याला बट्टा हा फार नेमका शब्द आहे. आजचे आमचे सगळे बोलणे ह्या बट्ट्याबद्दल आहे. मोठे नाणे आणि खुर्दा जिथे भेटतात तिथे कोण बसले आहे आणि दर कोण ठरवतो, एवढेच आम्हांला पाहायचे आहे.

आपल्याच महाराष्ट्रात ह्या दराची एक नोंद दगडात कोरलेली आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. काळ सुमारे इसवी सन १२०. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणे दान केली आणि ती ठेवली कुठे, तर गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींत. दोन हजार एका श्रेणीत, दरमहा दरशेकडा एक ह्या व्याजाने; एक हजार दुसऱ्या श्रेणीत, दरमहा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम कधी परत घ्यायची नाही, नुसते व्याज वापरायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रासाठी द्यायची. आता हिशेब करा. दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका कार्षापणाची तफावत नाही. आम्ही आयुष्यात पुष्कळ ताळेबंद पाहिले, पण इतका चोख फार थोडा पाहिला. विणकरांची संघटना त्या काळी राजाच्या जावयाची ठेव सांभाळण्याइतकी पतीची होती, हेही जाता जाता सांगून ठेवतो. आमच्या संघटनेस बँक चेकबुक देताना तीन सह्या मागते.

त्याच लेखात उषवदाताच्या दुसऱ्या एका दानाची नोंद आहे: सत्तर हजार कार्षापणे, म्हणजे दोन हजार सुवर्णांची किंमत, एका सुवर्णास पस्तीस कार्षापणे ह्या दराने. सोने आणि चांदी यांचा दर इथे उघड लिहिला आहे. आणि विणकरांकडे ठेवलेल्या दानाविषयी असेही म्हटले आहे की ते निगमसभेत वाचून दाखवले आणि फलकावर नोंदवले. निगमसभा म्हणजे गावाचा टाऊन हॉलच म्हणा. दर असा चारचौघांसमोर, दगडावर आणि फळ्यावर असला म्हणजे त्यात बोट घालणे कठीण जाते. कारखान्याच्या दारावर कामाचे दर लिहिलेला फळा लावा, ही मागणी घेऊन आम्ही पुष्कळ वर्षे हिंडलो आहोत. तिला अठराशे वर्षांचा आधार आहे हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते, नाहीतर मागणीपत्रात घातले असते.

परंतु नाशिकचा दर सोने आणि चांदी यांचा आहे. चांदी आणि खुर्दा यांचा दर कुणी कोरून ठेवला नाही. विळिवायकूराची शिशाची किती नाणी दिली म्हणजे एक कार्षापण मिळे, हे कोणत्याही लेण्यात लिहिलेले नाही. शिशाची ती नाणी मुख्यतः ह्या कोल्हापूरच्या परिसरातच सापडतात, फार दूर जात नाहीत. खुर्द्याचा हा स्वभावच आहे. तो गावात फिरतो, गाव सोडताना बदलून घ्यावा लागतो, आणि बदलताना झिजतो. त्या बट्ट्याचा लेखी पुरावा पाहायचा असेल तर काही शतके पुढे आणि समुद्रापलीकडे जावे लागते, रोमच्या पूर्वेकडच्या राज्यात. त्यालाच आज बायझन्टाईन म्हणतात आणि त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल.

तिथे चौथ्या शतकात कॉन्स्टंटाईन बादशहाने सोन्याचे नाणे पक्के केले. एका रोमन पौंड सोन्यात बहात्तर. हे नाणे पुढे कित्येक शतके हलले नाही. इतिहासाची पुस्तके त्याची फार स्तुती करतात आणि ती योग्यच आहे. पण त्याच वेळी खुर्दा मात्र कुजत गेला. पाचव्या शतकात तिथला सर्वांत लहान पैसा, नुम्मुस, हा नखाएवढा काशाचा तुकडा उरला होता. एक ग्रॅमच्या आसपास वजन, कधी त्याहूनही कमी, आणि ठसा निम्मा नाण्याबाहेर. इसवी सन ४४५ चा पश्चिमेकडच्या रोमन बादशहाचा एक कायदा उपलब्ध आहे. त्यात म्हटले आहे की सराफाकडून सोन्याचे नाणे सात हजार दोनशे नुम्मींना घेतले, तर ते विकताना सात हजारांखाली जाता कामा नये. सात हजार! एका सोन्याच्या नाण्याला सात हजार तुकडे मोजायचे. मोजणार कोण? म्हणून ते पिशवीत भरून, पिशवीला मोहोर लावून देत. अशा पिशवीला 'फोलिस' म्हणत. आणि कायद्यातला तो दोनशेचा फरक पाहिलात? रोजंदारीवर काम करणारा माणूस आठवडाभर पिशवी भरणार, आणि सोने घ्यायला गेला की सराफ आधी आपला वाटा काढून ठेवणार.

बरे, त्याला सोने हवेच कशाला? दागिना घडवायला नव्हे. सरकारला कर सोन्यात हवा होता. व्यापारी आणि कारागीर यांच्यावर 'ख्रिसार्गिरोन' नावाचा एक कर होता. नावाचा अर्थच सोने-चांदी. चार-पाच वर्षांनी एकदा तो वसूल होई. मोची, सुतार, न्हावी, रस्त्यावर बसून विकणारा, कोणी सुटत नसे. झोसिमस नावाचा इतिहासकार लिहितो की कर भरण्यासाठी आयांनी पोटची मुले विकली. झोसिमस हा कॉन्स्टंटाईनचा द्वेष्टा होता, तेव्हा त्याच्या लिहिण्यातून थोडे वजा करावे. पण सगळे वजा करता येत नाही, कारण इतरांनीही असेच लिहून ठेवले आहे. मिळकत काशाची, कर सोन्याचा, आणि मध्ये सराफाचा बाक. कराचा आकडा न वाढवताही कर वाढवण्याची ही युक्ती होती. दर हलला की पुरे.

इसवी सन ४९८ मध्ये अनास्तासियस बादशहाने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे हा कर रद्द केला. आज तुर्कस्तानात उर्फा नावाचे शहर आहे, त्याचे जुने नाव एडेसा. त्या एका शहराला दर चार वर्षांनी एकशे चाळीस पौंड सोने ह्या करापोटी भरावे लागे. कर उठल्याची बातमी आली तेव्हा लोक मेणबत्त्या आणि धूप घेऊन रस्त्यावर आले आणि आठवडाभर उत्सव झाला, असे तिथल्याच एका सिरियाक भाषेतल्या बखरीत आहे. कारागीर हत्यारे खाली ठेवून, स्नान करून, देवळाच्या अंगणात आणि ओवऱ्यांत आरामात बसले होते असे तो बखरकार सांगतो. राजवाड्यांची वर्णने आम्ही पुष्कळ वाचली, पण हात धुऊन ओवरीत निवांत बसलेला सुतार इतिहासात फार थोड्या वेळा भेटतो. पुढच्याच वर्षांत त्या शहरावर टोळधाड आणि दुष्काळ आला आणि त्याच बखरीत भाकरीचे वाढते भाव ओळीने टिपलेले आहेत. तेही वाचवत नाही.

दुसरी गोष्ट नाण्यांची. अनास्तासियसने त्या नखाएवढ्या तुकड्यांऐवजी काशाची मोठी नाणी काढली आणि प्रत्येकावर त्याची किंमत ठळक अक्षराने घातली. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहीत. 'म्यू' म्हणजे चाळीस, 'काप्पा' म्हणजे वीस, 'इओटा' म्हणजे दहा. आणि थोड्या वर्षांनी 'एप्सिलॉन' म्हणजे पाच हेही आले. चाळीस नुम्मींच्या नाण्याला लोक पूर्वीच्या पिशवीच्याच नावाने ओळखू लागले, फोलिस. पिशवीभर तुकड्यांची दगदग एका नाण्यात आली. हे पहिले नाणे नऊ ग्रॅमच्या सुमाराचे होते. ५१२ साली त्याचे वजन दुप्पट केले. संग्राहक लोक ह्या नाण्यांवर बादशहाचे तोंड कसे कोरले आहे ते पाहतात, आणि खरे तर ते काही फारसे सुंदर नाही. आम्हांला मोह पडतो तो मागच्या बाजूच्या त्या धिप्पाड 'म्यू'चा. निरक्षर बाईलाही कळावे की हे चाळीस आहेत. आकडा नाण्यावरच असला की सराफाला 'हे छत्तीसलाच घेतो' म्हणताना थोडे तरी अडखळावे लागते. त्या काळचा मार्सेलिनस नावाचा इतिवृत्तकार ४९८ च्या नोंदीत म्हणतो की ही नाण्यांची अदलाबदल जनतेला पसंत पडली. सरकारी सुधारणेबद्दल 'जनतेला पसंत पडली' हे शब्द इतिवृत्तात फारसे येत नाहीत.

एकाच बादशहाच्या राज्यातही खुर्दा सगळीकडे सारखा नव्हता. पुढे अलेक्झांड्रियात बारा नुम्मींचे नाणे चाले, थेसालोनिकेत सोळांचे. सोने मात्र सगळीकडे एकच.

मग जस्टिनियन आला. ५२७ ते ५६५ एवढी त्याची कारकीर्द. त्याने ५३८ पासून फोलिस आणखी मोठे केले, तळव्यात भरेल एवढे, वीस ग्रॅमांहून जड, आणि त्यावर राज्यवर्षही घातले. प्रोकोपियस नावाचा त्याचा इतिहासकार होता. तो उघडपणे बादशहाची स्तुती लिही आणि घरी 'गुप्त इतिहास' नावाच्या पोथीत शिव्या लिही. असे लोक प्रत्येक कचेरीत असतात. ह्या गुप्त पोथीत त्याची एक तक्रार आहे. पूर्वी सराफ एका सोन्याच्या नाण्याला दोनशे दहा फोलिस देत. जस्टिनियन आणि त्याची राणी यांनी तो दर एकशे ऐंशीवर आणला आणि लोकांना लुबाडले. दोनशे दहांतून तीस गेले, म्हणजे सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे सातवा हिस्सा बुडाला.

ग्रंथकार बहुधा ही तक्रार जशीच्या तशी पुढे देतात. आम्ही आमच्या खोडीप्रमाणे विचारतो, बुडाला कोणाचा? ज्याच्या हातात सोने आहे आणि जो बाजारात मोड घ्यायला जातो त्याचा. प्रोकोपियस अशांपैकीच होता. त्याचा पगार सोन्यात. पण ज्याची मिळकतच फोलिसमध्ये आहे आणि ज्याला जमिनीचा कर सोन्यात भरायचा आहे, त्या माणसाला पूर्वी एका सोन्याला दोनशे दहा मोजावे लागत, आता एकशे ऐंशी. त्याचे तीस वाचले. त्याने मात्र गुप्त काय किंवा उघड काय, इतिहास लिहिला नाही. जस्टिनियनला आम्ही गरिबांचा कैवारी म्हणत नाही. त्याच्याच राज्यात ५३२ साली राजधानीत बंड झाले आणि हजारोंनी माणसे कापली गेली. फोलिसचेही वजन ५४१-४२ च्या महामारीनंतर पुन्हा उतरू लागले. आमचे म्हणणे एवढेच की दराविषयीची कोणतीही तक्रार ऐकताना तक्रारदाराच्या खिशात कोणते नाणे आहे ते आधी पाहावे.

ह्या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. त्याच जस्टिनियनच्या काळात कोस्मास नावाचा एक व्यापारी होता, पुढे तो साधू झाला. त्याने आपल्या ग्रंथात कल्याण बंदराचे नाव लिहिले आहे आणि तिथून धातू, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते असे म्हटले आहे. त्यानेच सिंहलद्वीपातली एक गोष्ट सांगितली आहे. तिथल्या राजापुढे एक रोमन व्यापारी आणि एक इराणी एकाच वेळी उभे राहिले. तुमच्यातला थोर राजा कोणाचा, असे सिंहलाच्या राजाने विचारले. रोमन व्यापारी म्हणाला, दोघांची नाणी पुढे ठेवा आणि तुम्हीच पाहा. एक सोन्याचे निघाले, एक चांदीचे, आणि रोमन जिंकला. त्या दरबारात काशाचे नाणे कोणी बाहेर काढले नाही. पण आज सिंहलद्वीपाच्या जमिनीतून, आणि तमिळ देशात करूर-मदुरेच्या बाजूस, चौथ्या-पाचव्या शतकातली रोमची बारीक तांब्याची नाणी ढिगांनी निघतात. सिंहलात तर त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या, म्हणजे तिथल्या बाजाराला अशा मोडीची केवढी निकड होती पाहा. दरबारात सोन्याची गोष्ट चालली होती तेव्हा बाहेर बाजार ह्या तुकड्यांवर चालला होता.

आपल्याकडे पुढे १६७४ साली शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाबरोबर सोन्याचा होन पाडला आणि तांब्याची शिवराईही पाडली. होन आज दिसणे दुर्मिळ. शिवराई मात्र महाराजांच्या मागे दीडशे वर्षे पाडली जात होती, आणि ती जुन्या घरांतून, शेतातून अजून सापडते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. जी हजारो हातांतून गेली त्या शिवराईवर अक्षरे बोटाने चाचपावी लागतात. पेशवाईत रुपयांचेच इतके प्रकार झाले, अंकुशी, चांदवडी आणि आणखी किती, की प्रत्येक गावच्या सराफाला बट्ट्याचे वेगळे पीक मिळे. त्या विषयावर स्वतंत्र व्याख्यान होईल. आज सोडून देतो.

एक एप्रिल १९५७ ला आपल्या देशात दशमान नाणी आली. चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. फार चांगली सुधारणा. पण मधल्या काळात जुने-नवे बदलायचे कोष्टक होते, ते आम्ही एका जुन्या कामगाराच्या ट्रंकेत पाहिले. जुना एक पैसा म्हणजे खरे तर दीड नव्या पैशाहून किंचित जास्त, कोष्टकात दोन. एक आणा म्हणजे सव्वासहा, कोष्टकात सहा. आता पाहा, जो चौसष्ट वेळा एकेका जुन्या पैशाचा जिन्नस घेईल त्याचे एकशे अठ्ठावीस नवे पैसे जातील. जो एकदम रुपयाचा घेईल त्याचे शंभर. कोष्टक लबाडीने केलेले नव्हते, अपूर्णांकाला कुठेतरी टेकवावे लागतेच. पण जो थोडे थोडे घेतो, एक काडीपेटी, एक विडीचे बंडल, त्याच्यावर तो अपूर्णांक येऊन टेकतो. ५४५ सालच्या कॉन्स्टँटिनोपलमध्येही असेच होत असणार.

आता आमच्या त्या खोडीची सुरुवात सांगतो आणि थांबतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातली गोष्ट. शहराबाहेरच्या एका फौंड्रीत, नाव घेत नाही, पगार पाकिटातून मिळे. पाकिटावर रुपये लिहिलेले असत आणि वरचे पैसे 'पुढील महिन्यात' म्हणून वळते केलेले असत. पुढील महिन्यात तो रकाना पुन्हा शून्यापासून सुरू होई. एका म्हाताऱ्या मोल्डरने हे आम्हांला दाखवले. त्याला वाचता येत नव्हते, पण आकडे येत होते, आणि त्याने अकरा महिन्यांची पाकिटे जपून ठेवली होती. त्याची बेरीज साडेपाच रुपयांच्या आत-बाहेर आली. आम्ही तरुण होतो. 'मामा, एवढ्याशा पैशासाठी मालकाशी बोलायचे? बोनसचा प्रश्न समोर आहे,' असे आम्ही म्हणालो. ते म्हणाले, 'बोनसचं तू बघ की. हे माझं हाय, एवढं मला आणून दे.'

आम्ही सगळ्यांची पाकिटे मागवली. काहींनी फेकून दिली होती. जी मिळाली त्यांची बेरीज घेऊन गेलो, तेव्हा समोरचे गृहस्थ हसले आणि टेबलाच्या खणातून शंभराची नोट काढून म्हणाले की सगळ्यांना चहा पाजा. नोट आम्ही घेतली नाही. मागणी लेखी दिली आणि तीन महिन्यांनी रकाना सुधारला. मागचे पैसेही मिळाले, पण ज्यांच्याकडे पाकिटे होती त्यांनाच. मामांचे पैसे कारकुनाने खिडकीतून मोजून दिले, रुपये आणि वर काही पंचवीस पैशांची नाणी. ती नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. मामा त्याच्या आधीच गेले. त्या दिवशी त्यांनी खिडकीशी उभे राहून ती पुन्हा एकदा मोजली, एकेक उलटून पाहिली, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या पोरांना म्हणाले, 'पाकिटं टाकू नका रं.'